तुम्ही विचारलंत म्हणून: नवा क्लोन बाथरूममध्ये का?

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, मेसेजमध्येही तेच. गांजाचा नवा क्लोन, म्हणजे फांदी कापून मुळं फुटवलेलं रोप, आला की तो बाकीच्या झाडांसोबत टेंटमध्ये, म्हणजे लाइट लावलेल्या घरातल्या तंबूत, का नाही, बाथरूममध्ये एकटा कशाला, वर खत नाही, मोठी कुंडी नाही, हे लाड आहेत की शिक्षा? दरवेळी अर्धवट उत्तर देऊन कंटाळले, म्हणून आता एकदाच लिहिते. आणि हे जिथे घरी लावायला कायद्याने परवानगी आहे तिथल्यांसाठीच आहे, भारतात 1985 चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, तिथून विचारणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

तर बाथरूम. तिथे आंघोळीमुळे हवा दमट राहते, बास, एवढं साधं आहे. क्लोनला मुळं असतात पण थोडीच, आणि पानं मात्र पूर्ण झाडासारखी पाणी उडवत बसतात. त्यात दोन-तीन दिवस अंधाऱ्या खोक्यात काढून आलेलं रोप, त्याला आल्या आल्या फुल पॉवर एलईडीखाली ठेवलं तर ते मान टाकणारच, मग तुम्ही म्हणणार तहान लागली असेल, पाणी ओतणार, आणि मुळं कुजली की विक्रेत्याला शिव्या. हवेत 65-70 टक्के आर्द्रता, 22 ते 26 डिग्री, लाइट मंद आणि लांब, मग रोज थोडा थोडा वाढवायचा. कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी. खत नंतर, नवा कोंब हलला की, आणि तेही अगदी पातळ. हो, आणि विकणाऱ्याला विचारून घ्या की त्याच्याकडे लाइट किती तास होता. चोवीस तासांच्या उजेडात वाढलेला क्लोन एकदम लहान दिवसात आणला तर तो एवढासा असतानाच फुलायला लागू शकतो.

पूर्वी मी डोमवाली होते. प्लास्टिकच्या झाकणाशिवाय क्लोन जगतच नाही असं ठासून सांगायचे, जुने मेसेज काढून दाखवता तुम्ही, माहितेय मला. तेव्हाच्या मला मी आज म्हणेन की मुळं फुटलेल्या रोपाला आठवडाभर डोममध्ये कोंडलं तर पानं लाडावतात, बाहेरची कोरडी हवा सोसत नाहीत. ती म्हणेल, मग खोक्यातून लुळा होऊन आलेल्याचं काय? तिचंही बरोबर आहे. लुळा असेल तर अजूनही मी डोम लावते, आणि रोज जरा जास्त वेळ उघडा ठेवते. यावर आमचं दोघींचं एकमत व्हायचंय.

पण दमट हवा तर टेंटमध्येही करता येते. एकटा ठेवण्याचं खरं कारण दुसरं आहे, आणि ते मी सहसा टाळते.

एका मित्राने आणि मी एकाच ठिकाणाहून, एकाच मदर प्लांटचे, म्हणजे कटिंग घेण्यासाठी जपलेल्या झाडाचे, क्लोन मागवले होते. माझा नेहमीप्रमाणे बाथरूममध्ये. त्याने त्याचा त्याच दिवशी बाकीच्यांत मिसळला, मला हसला पण, म्हणाला तुला झाडं नकोयत, पेशंट हवेत. मी भिंग घेऊन पानांच्या मागे लाल कोळी शोधत होते, फुलकिडे शोधत होते, काही नव्हतं. क्लोन इतका सुंदर रुळला की मलाच माझी लाज वाटायला लागली. हिरवागार, शेंडे सरळ. तरी टेंटमध्ये न्यायच्या आधी सॅम्पल लॅबला पाठवलं, मुळांचं, कारण छुपा रोग पानांपेक्षा मुळांत लवकर सापडतो. रिपोर्ट आला हॉप लेटंट व्हायरॉइड पॉझिटिव्ह.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हायरसहूनही लहान प्रकरण, 256 अक्षरांचा आरएनएचा एक गोल तुकडा, बस. हॉप्सवर आधीपासून माहीत होता, गांजावर 2019 मध्ये नोंदला गेला. झाड महिनोन् महिने ठणठणीत दिसू शकतं आणि फुलावर आलं की खुजं, निस्तेज, राळ कमी. औषध नाही. कात्रीच्या पात्यावरच्या रसातून पसरतो, आणि अल्कोहोलने पुसून काही होत नाही, ब्लीच लागतं.

मी लगेच त्याला फोन केला. तो म्हणाला पानं बघ ना, कुठे दिसतोय रोग? लॅब पैसे काढते. तोवर त्याने त्याच कात्रीने सगळ्या झाडांची छाटणी केली होती, त्यात त्याने वर्षानुवर्षं जपलेली एक मदरही होती. शेवटी टेस्ट केली आणि बहुतेक सगळं काढून टाकावं लागलं. त्याचा राग विक्रेत्यावर नव्हता, माझ्यावर होता. तू मागवताना बोलली का नाहीस, तुला शंका होती म्हणूनच वेगळा ठेवलास ना? मला कुठली शंका होती! मी प्रत्येकच क्लोन वेगळा ठेवते, शंका नसतानाही, हेच मी त्याला सांगत राहिले आणि ते त्याला उलट जास्तच लागलं. माझा तो देखणा क्लोन मी पिशवीत बांधून टाकला तेव्हा वाईट वाटलं, पण त्याच्या मदरपुढे माझं ते काय.

आता तुम्ही म्हणाल मग प्रत्येक क्लोनची टेस्ट करायची का. परवडत नाही, मीही नेहमी करत नाही, आणि एक निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे खात्री नव्हे, सुरुवातीला चुकूही शकतो. किमान दोन आठवडे वेगळा, कात्री वेगळी, हात धुऊन टेंटकडे, एवढं करते. कोळ्याची अंडी उबदार हवेत काही दिवसांत फुटतात, त्यामुळे किडींपुरते दोन आठवडे बरे. व्हायरॉइडला ते पुरत नाहीत, मान्य.

त्या मित्राने मध्यंतरी विचारलं, तुझ्या मदरचं एक कटिंग देशील का. टेस्ट करून देते म्हटलं, तर म्हणाला राहू दे मग.