गोळ्या रोज पडतात, नळीत रंगही येतो, तरी पाणी हिरवं का?

मार्च संपत आला की कर्जत, अलिबाग, मुळशीकडच्या फार्महाऊसवर एक तक्रार हमखास ऐकू येते. फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात, क्लोरीनच्या गोळ्या आहेत, चाचणीच्या नळीत पाणी छान पिवळं होतंय, फिल्टर चालू आहे. तरीही भिंती बुळबुळीत आणि पाण्याला हिरवी झाक. मग राखणदार आणखी दोन गोळ्या टाकतो. बहुतेक वेळा दुखणं त्या गोळ्यांमध्येच असतं.

आधी पूलमध्ये पाणी किती आहे ते काढा, कारण 'अंदाजे दोन मुठी' हे माप नव्हे. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. ८ बाय ४ चा पूल, एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर, म्हणजे सरासरी सव्वा: ४० घनमीटर, अर्थात ४०,००० लिटर. १ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम. म्हणून या पूलमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ४० ग्रॅम निव्वळ क्लोरीन लागतं. १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं 'हायपो', असेल तर ४०० मिली. टीसीसीए-९०, म्हणजे त्या गोळ्यांमधलं ९० टक्के क्लोरीन देणारं रसायन, असेल तर ४४ ग्रॅम. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण ६२ ग्रॅम. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये जेमतेम ३०-३५ टक्के क्लोरीन असतं आणि उरलेला बराचसा चुना. तिने पाणी पांढुरकं होतं, तळाशी गाळ बसतो. बोअरच्या जड पाण्यात तर ती नकोच.

आता गोळ्यांविषयी. २०० ग्रॅमची टीसीसीएची गोळी विरघळली की १८० ग्रॅम क्लोरीन मिळतं आणि मागे सुमारे ११० ग्रॅम सायन्युरिक आम्ल राहतं. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. तो वाईट नाही. तो अजिबात नसेल तर भर उन्हात पाण्यातलं अर्धं क्लोरीन पाऊण तासात उडून जातं. आपल्याकडच्या उघड्या पूलला ३० ते ५० पीपीएम स्टॅबिलायझर हवाच. पण क्लोरीन रोज खर्च होतं, स्टॅबिलायझर होत नाही. तो उडत नाही, गाळला जात नाही, साठत जातो. दिवसाला २ पीपीएम क्लोरीन खर्च होत असेल, तर आपल्या ४०,००० लिटरच्या पूलमध्ये तीन महिन्यांत ४० गोळ्या जातात. स्टॅबिलायझर शून्यावरून ११० पीपीएमवर.

तिथे खेळ बिघडतो. स्टॅबिलायझर क्लोरीनला धरून ठेवतो; प्रमाण वाढलं की इतकं घट्ट धरतो की शेवाळ मारायला फारसं काही उरतच नाही. कामचलाऊ नियम असा: मोकळं क्लोरीन, म्हणजे घाम-लघवीशी न जुळलेलं (स्टॅबिलायझरने धरलेलंही यातच मोजलं जातं), स्टॅबिलायझरच्या निदान साडेसात टक्के तरी असावं. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएम पुरतं. तो ११० झाला की ८ च्या वर ठेवावं लागतं, आणि राखणदार तर २ दाखवणारी नळी बघून निर्धास्त असतो.

ती नळीही अर्धंच सांगते. आपल्याकडे सर्रास मिळणारं पिवळ्या रंगाचं ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यात कामाचं किती आणि घाम-लघवीशी जुळून निकामी झालेलं किती, हे कळत नाही. डीपीडी गोळ्यांचं किट घ्या, थोडं महाग पडेल. पहिली गोळी मोकळं क्लोरीन दाखवते, तिसरी एकूण. दोन्हींतला फरक ०.५ च्या वर गेला की पाण्याला तो 'स्विमिंग पूलचा वास' यायला लागतो आणि डोळे चुरचुरतात. लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. खरं म्हणजे कामाचं क्लोरीन कमी पडलेलं असतं. डीपीडीची एक खोड लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त असेल, १० च्या वर वगैरे, तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि पाणी स्वच्छ दिसतं. शंका आली तर नमुन्यात तेवढंच क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा पाहा आणि आकडा दुप्पट करा. नमुना नेहमी कोपरभर खोलीतून घ्यायचा, पाणी आत येतं त्या तोंडापासून लांब.

स्टॅबिलायझरची चाचणी वेगळी असते: द्रावण मिसळून पाणी गढूळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका किती उंचीला दिसेनासा होतो ते बघायचं. महिन्यातून एकदा पुरे. आकडा १०० निघाला तर उपाय एकच, पाणी बदलणं. कोणतंही पावडर-औषध इथे भरवशाचं नाही. १०० वरून ४० वर यायला साठ टक्के, म्हणजे २४,००० लिटर; दहा हजारी टँकर धरले तर अडीच. एकदम पूर्ण रिकामा करू नका, विशेषतः पावसाळ्यात किंवा जमिनीत पाणी वर असताना. रिकाम्या पूलला खालचं पाणी वर उचलतं. फायबरचा पूल तरंगून बाहेर आला तर टँकरचा खर्च किरकोळ वाटेल.

त्यानंतर रोजचं क्लोरीन हायपोचं ठेवा. दोन पीपीएमला ८०० मिली, तेही सूर्य मावळल्यावर, पंप चालू असताना. गोळ्या गावाला जाताना चार-आठ दिवसांपुरत्या. हायपोचा दोष असा की ते उन्हात आणि उकाड्यात मरतं. १२ टक्क्यांचं म्हणून घेतलेलं कॅन एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली महिनाभर राहिलं तर डोस पाळूनही नळी नीट रंगणार नाही. दोन-तीन आठवड्यांपुरतंच आणा, सावलीत ठेवा.

पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा खारं याचा आकडा, ७.२ ते ७.६ मध्ये राहायला हवा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात ७.५ ला क्लोरीनचं जवळजवळ अर्धं रूप जंतू मारणारं असतं, ८ ला पाव भागही नाही. गोळ्या पीएच खाली ओढतात, धबधबे-कारंजी वर नेतात. खाली गेला तर सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा: आपल्या पूलला २०० ग्रॅम, बादलीत विरघळवून, आणि चार तासांनी पुन्हा तपासणी. वर गेला तर ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड ३०० मिलीच्या हप्त्यांनी, खोल बाजूला. संडास धुवायचं रंगीत ॲसिड नको. पीएच रोज उड्या मारत असेल तर अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, बघा. ती ८० ते १२० पीपीएम हवी; ८० च्या खाली असेल तर ६७० ग्रॅम खाण्याचा सोडा ती १० ने वाढवतो.

हिरवं पाणी परत आणायचं तर आधी पीएच ७.२ वर आणा, मग स्टॅबिलायझरच्या ४० टक्के इतकं क्लोरीन चढवा. स्टॅबिलायझर ४० असेल तर १६ पीपीएम, म्हणजे शून्यापासून ६.४ लिटर हायपो. एकदा ओतून झालं असं नाही; दिवसातून दोनदा मोजून तितक्यावर टिकवायचं, भिंती ब्रशने घासायच्या, फिल्टरचं प्रेशर स्वच्छ स्थितीपेक्षा अर्धा बार वाढलं की बॅकवॉश करायचा, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडून तो धुवायचा. थांबायचं कधी? रात्री अंधार पडल्यावर मोजा, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा कमी गेलं तर पाण्यात क्लोरीन खाणारं काही उरलं नाही. जास्त गेलं तर शेवाळ अजून जिवंत आहे, पाणी कितीही निळं दिसो. क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरेपर्यंत पोरांना पाण्यात सोडू नका.

कोकणातल्या जांभ्याच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्याला क्लोरीन दिलं की कधीकधी चहासारखा रंग येतो. ते शेवाळ नव्हे, पाण्यातलं लोह. आणखी क्लोरीन ओतू नका. फिल्टर सतत चालवून, बॅकवॉश करत ते गाळून काढायचं. तसंच मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. शेवाळावर तो टाकायची जुनी सवय आहे. पण केस हिरवे होतात ते या तांब्यामुळे, क्लोरीनमुळे नाही, आणि भिंतींवर डाग पडतात ते वेगळेच.

पावसाळ्यात गणित उलटं फिरतं. १०० मिमी पाऊस आपल्या पूलमध्ये ३,२०० लिटर पाणी टाकतो आणि तितकंच बाहेर सांडतं. पंप चालू असेल तर साधारण ८ टक्के स्टॅबिलायझर आणि अल्कलिनिटी त्यासोबत गेली. लोणावळ्यासारख्या ठिकाणी जुलैअखेर स्टॅबिलायझर जवळजवळ धुऊन निघतो. उन्हाळ्यात साठून त्रास देणारी गोळी इथे कामाची ठरते. ऑगस्टमध्ये चाचणी करून गोळ्यांनीच आकडा ३० वर आणावा.

टीसीसीए आणि ब्लीचिंग किंवा कॅल्शियम हायपो एकाच बादलीत, एकाच फीडरमध्ये, एकाच चमच्यानेही नको. आग लागते, स्फोट होतो. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवा. रसायन नेहमी पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही. आणि गोळ्या स्किमरमध्ये, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खोबणीत, ठेवू नका: पंप बंद असताना तिथे साचलेलं आंबट, जहाल पाणी पंप सुरू होताच सगळं एकदम पंपाच्या सीलवरून जातं.