वनराई बंधारे, यंदाचा सीझन: जानेवारीपर्यंत कुठवर आलो

मंडळी, यंदा थंडीतलं श्रमदान संगमेश्वर तालुक्यात वाडीखालच्या पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, चालू आहे. दोन बंधारे उभे राहिलेत आणि दोन्हीत आज पाणी आहे, तिसऱ्याची जागा बघून ठेवलीय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिलात वाडीवर टँकरची वाट बघावी लागते, कारण सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळी पठारावरचं, पाणी तीव्र उतारावरून सुटतं ते थेट खाडी गाठतं. भर पावसात ते अडवायचा प्रश्नच नाही, गोण्या काय, दगडसुद्धा वाहून जातात. पण ऑक्टोबर सरता सरता पऱ्याची धार कमी होते आणि मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत जागेवरचीच वाळू-माती भरून ती अडवता येते. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे ही पद्धत राज्यभर माहीत झाली, खर्च जवळजवळ शून्य, लागतात ती माणसं.

आणि खरी अडचण तिथेच आहे. धार चांगली असते तेव्हा अख्खी वाडी भातकापणीत आणि झोडणीत अडकलेली, आणि लोक मोकळे होईपर्यंत धार करंगळीएवढी. म्हणून यंदा आम्ही कामाचे दोन भाग केले, गोण्या गोळा करणं, भरणं, शिवणं हे सगळं बाहेरून येणाऱ्या आम्ही मंडळींनी कापणी चालू असतानाच उरकलं आणि रचायच्या दिवशी फक्त वाडीला हाक दिली. याचा फार फायदा झाला. रचायला अनुभवी हात लागतातच, कारण पऱ्या कुठे वळतो, तळाला कातळ कुठे लागतो हे त्यांना डोळे मिटून माहीत असतं.

पहिला बंधारा साधारण 20 फूट लांब आणि 3 फूट उंच, गोण्या सव्वाशेच्या आसपास लागल्या. गोणी काठोकाठ भरायची नाही हे परत परत सांगतो. 50 किलो सिमेंटच्या गोणीत ओली वाळू तुडुंब भरली तर ती साठीच्या वर जाते, दोघांनाही उचलत नाही, आणि गच्च भरलेली गोणी गोल फुगते, शेजारच्या गोणीला नीट चिकटून बसत नाही. दोन तृतीयांश भरा, दाभणाने सुतळी घालून तोंड शिवा, शिवलेलं तोंड पाण्याच्या वरच्या अंगाला न ठेवता आत दाबून घ्या. तळातले दगड-पालापाचोळा आधी काढून कातळ किंवा घट्ट जमीन उघडी करायची, तळाला दोन गोण्यांची रुंदी, वर जाताना एक, आणि थर विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडून. प्रत्येक थरावर चिकणमाती. मध्ये थोडी उंची कमी ठेवून सांडवा सोडायचाच, म्हणजे जादा पाणी कडेने काठ खात जात नाही आणि खालच्या अंगाला पऱ्या जिवंत राहतो, खालच्या वाडीचंही पाणी आहे ते.

आता गळती. माझं ठाम मत आहे की बंधारा बांधणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं पुढचे दोन-तीन आठवडे करायचं असतं आणि नेमकं तेव्हा कोणी नसतं. फोटो निघतात, आकडा कळवला जातो, संपलं. आमचा पहिला बंधारा भरला आणि दोन दिवसांत हातभर उतरला. वाडीतले एक आजोबा म्हणाले, "भिंतीत काय शोधतोस पोरा, काठात बघ." मग पेंढ्याचे बारीक तुकडे करून पाण्यावर सोडले आणि गुडघाभर गार पाण्यात थांबून बघत राहिलो, बहुतेक तुकडे जागच्या जागी तरंगत होते पण डाव्या काठाकडचे हळूहळू एका ठिकाणी गोळा व्हायला लागले, गोल फिरले आणि एकेक करून आत ओढले गेले. हात घातला तर मूठ जाईल एवढं खेकड्याचं बीळ, पाणी गोणीच्या मागून मातीतून पार. पेंढा आणि चिकणमाती मळून त्याचे गोळे आत ठोसले, पुढून दोन गोण्या तिरप्या लावल्या, दुसऱ्या दिवशी पाणी परत सांडव्याला लागलं. तेव्हाचा आनंद खरंच सांगता येत नाही.

दुसरा बंधारा लहान आहे, कातळावर बसलाय, त्याच्याकडे फारसं बघावं लागलं नाही.

परिणाम म्हणाल तर विहिरीत दोरीला गाठी मारून पातळी बघतोय, पाणी नेहमीपेक्षा सावकाश उतरतंय, पण खरं काय ते मार्चमध्येच कळेल, आत्ताच काही दावा करणार नाही. गुरं मात्र पाण्यावर यायला लागलीत, काठच्या तुकड्यात एका काकींनी वांगी, मिरची आणि मुळा लावलाय आणि पाणी घालायला कळशी घेऊन लांब जावं लागत नाही. धोबी पक्षी शेपूट हलवत गोण्यांवरूनच फिरत असतात.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती प्लास्टिकची. या गोण्या उन्हाने कुजत नाहीत, त्यांचा भुगा होतो आणि पावसात तो सगळा पऱ्यातून खाडीत. म्हणून मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आत, गोण्या उपसून वाळू तिथेच रिकामी करायची आणि पोती वर आणायची हे वाडीच्या बैठकीत आधीच ठरवून घेतलंय. बांधायला येणाऱ्यांपैकी निम्मे तरी उपसायला या, ते काम जास्त घाणीचं आणि उन्हातलं आहे आणि तेव्हा माणसं सगळ्यात कमी असतात.

तिसरी जागा वरच्या अंगाला आहे, तिथे काठ भुसभुशीत आणि खेकडे भरपूर. तुमच्याकडे अशा काठाला काय करता, आधीच चर खणून चिकणमाती ठासता की गोण्यांची भिंत काठात आतपर्यंत नेता? कोणी करून बघितलं असेल तर रचायला घ्यायच्या आधी नक्की सांगा.