स्कायलाइट बदलली, पण खरं काम खरवडण्याचंच

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या छतातून पाणी यायचं ते पाऊस थांबल्यावर, आणि तेही स्कायलाइटच्या, म्हणजे छतातल्या खिडकीच्या एकाच कोपऱ्यातून. थंडीत धरणारी वाफ अशी कोपरा निवडून ठिबकत नाही. आतली चौकट उतरवली, तर भोकाच्या कडेची लाकडी पट्टी बोटाने दाबली तरी आत जात होती. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण एरवी सहज म्हणतो. इथे ते अक्षरशः मुरलं होतं.

नवी स्कायलाइट घेताना झाकणाचं नव्हे, छताच्या भोकाचं माप घ्यावं लागतं. माझं ४०० बाय ४०० मिलिमीटर निघालं, हे नेहमीचं माप. छताची जाडीही मोजली, कारण आतली आणि बाहेरची चौकट छताला मधे धरूनच आवळली जाते.

जुनी स्कायलाइट निघाली पटकन. कडेचं सिलिकॉन मात्र निघता निघेना. आधीच्या कुणीतरी गळती दिसली की वरून एक थर, असं करत ते फासलेलं. ते संपूर्ण काढल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण सिलिकॉनवर पुढे काहीच नीट चिकटत नाही, अगदी नवं सिलिकॉनसुद्धा. धातूच्या पात्याने छतावर ओरखडे उठतात, म्हणून प्लास्टिकचं पातं घेऊन खरवडत बसलो. मनगट भरून आलं. शेवटचा पुसट थरही नखाने तपासला. ॲसिटोन या द्रावकाने पुसण्याचा मोह टाळला. ॲक्रिलिक या प्लास्टिकला ते लागलं तर बारीक तडे जातात.

मग वाळवण. भोकावर ताडपत्री तंबूसारखी, कडेने वारा खेळेल अशी बांधली. कुजलेली पट्टी कापून नवी बसवली. ओल कोंडून वरून सील करण्याची घाई मला तरी पटत नाही.

बसवणं त्या मानाने किरकोळ. चौकटीखाली ब्यूटाइलची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबराची पट्टी, बिजागरी गाडीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे समोरचा वारा झाकण उचलत नाही. स्क्रू हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. ब्यूटाइल सगळीकडून सारखं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी ते थोडं बसल्यावर स्क्रू पुन्हा हलके पिळले आणि मगच कडेने बाहेर आलेलं ब्यूटाइल कापलं. नंतर पाइपने पाणी मारून पाहिलं. आत चारही कोपऱ्यांत लावलेले टिश्यू कोरडे राहिले.

चौकटीत हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात. गार वारा येतो म्हणून काही जण त्या बुजवतात. आत गॅसची शेगडी असताना हे जिवावर बेतू शकतं. थंडी वाजत असेल तर पांघरूण जाड घ्या.