काढा जास्त, गुण कमी

2020 च्या पावसाळ्यात हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये सॅनिटायझरच्या नमुन्यांची नुसती रीघ लागली होती. त्यातला एक काटोलकडच्या बचत गटाच्या ताई स्वतः घेऊन आल्या. परवान्याच्या अर्जाआधी तपासून घ्यायचा होता. हिरवट रंग, कडुलिंबाचा कडवट आणि वर संत्र्याच्या सालीचा वास. लेबलं मात्र आधीच छापून तयार: 'शंभर टक्के हर्बल, विषाणूंचा नायनाट'.

अशा नमुन्यात हायड्रोमीटर, म्हणजे घनतेवरून अल्कोहोल किती ते दाखवणारी तरंगती नळी, थेट सोडून चालत नाही. काढा आणि ग्लिसरीनमुळे घनता वाढते, आकडा फसवा येतो. म्हणून आधी ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफेवाटे अल्कोहोल वेगळं काढायचं, मग घनता. अल्कोहोल निघालं 46 टक्के. सॅनिटायझरला निदान 60 तरी हवं; जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, 80 टक्के आहे.

"काहून कमी आलं जी? स्पिरिट तर चांगलं 95 चं आणलं होतं."

"किती टाकलं?"

"अर्धं स्पिरिट, अर्धा काढा. काढा जास्त तर गुण जास्त, नाही का?"

घोळ तिथंच होता. कोरोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं. ते अल्कोहोल फोडतं, प्रथिनंही बिघडवतं. त्यासाठी थोडं पाणी लागतंच, पण निम्मं म्हणजे फार झालं. कडुलिंब हातावर अर्ध्या मिनिटात विषाणू मारतो, असं लिहून द्यायला मी तरी धजणार नाही.

"पण मॅडम, स्पिरिट म्हणजे केमिकल. लोकाईले झाडपाल्याचं पायजे."

"हे स्पिरिट उसाच्या मळीचं आहे. ऊस काय कारखान्यात उगवतो?"

ताई खुदकन हसल्या. मग वहीवर हिशेब मांडला. 46 चं 70 करायचं तर जेवढा माल आहे, जवळजवळ तेवढंच 95 चं स्पिरिट आणखी ओतावं लागणार. काढा उरणार जेमतेम चौथा हिस्सा. स्पिरिटचा तेव्हाचा भाव आठवून त्यांचा चेहरा उतरला.

"बरं, लेबलवर काय लिहू?"

"हर्बल बारीक अक्षरात. 'इथेनॉल 70 टक्के' ठळक."

"अवो, दारूचा टक्का ठळक? गावातलं दुकान बंद करायचा मोर्चा आमच्याच गटानं काढला होता!"