परातीएवढा समुद्र

मावसभावाच्या लग्नासाठी चार दिवस मुंबईत होतो. तीन दिवस हळद, मांडव आणि लोकलच्या गर्दीत गेले. चौथ्या दिवशी पहाटे भाचीनं हलवून उठवलं. "मामा, चला. आज पाणी खूप आत जाणारे."

आदल्या दिवशी पौर्णिमा झाली होती. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच मागेही हटतं, आणि मुंबईत तेव्हाची ओहोटी सकाळी नि संध्याकाळी येते, हे तिनं मला टॅक्सीत समजावलं. भाची 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या स्वयंसेवकांबरोबर फिरते. 2017 पासून ही मंडळी लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन तिथले जीव दाखवतात. आम्ही हाजी अलीला उतरलो. दर्ग्याकडे जाणारी वाट, जी भरतीत पाण्याखाली जाते, ती कोरडी पडलेली होती आणि दोन्ही बाजूंना काळे, निसरडे खडक उघडे होते. वास मात्र सहन होत नव्हता, खोटं कशाला बोलू. खडकांच्या फटीत पिशव्या, चिंध्या, निर्माल्य. इथे काय जिवंत असणार, असंच मनात आलं.

"पाय ठेवण्याआधी बघा," एवढंच भाची म्हणाली. मी ज्याला शेवाळाची सतरंजी समजून पाय टाकणार होतो, ते झोअँथिड होते. प्राणी! हजारो, एकमेकांना खेटून, उघड्यावर पडले म्हणून तोंडं मिटून बसलेले. त्यांच्यातल्या काहींत जहाल विष असतं, म्हणून हातही लावायचा नाही.

मग तिनं मला एका डबक्याशी उकिडवं बसवलं. डबकं परातीएवढं, पाणी वीतभर. "पाच मिनिटं हलायचं नाही. सावलीही पडू द्यायची नाही." आधी काहीच दिसेना. नुसती वाळू, चार शंख. मग एक शंख चालायला लागला. त्यातून दोन बारीक डोळे आणि एक नांगी बाहेर आली. मग दुसरा, मग तिसरा. चारही शंखांत खेकडे राहत होते. कडेला पाण्याखाली असलेले झोअँथिड एकेक करून उमलले, हिरवे, मधोमध फिकट. आणि मी ज्याला खडकच समजत होतो त्यातून एक कोळंबी निघाली, इतकी पारदर्शक की तिच्या अंगातून वाळूचे कण मोजता यावेत. माझे गुडघे भरून आले होते, पण उठवेना.

तेवढ्यात शेजारी एका गृहस्थांनी फोटोसाठी भला मोठा दगड उलथा केला आणि तसाच टाकून पुढे निघाले. मला संताप आला. आम्ही नागपूरची माणसं ताडोबाला जातो तेव्हा वाघासाठी जिप्सीत श्वास रोखून बसतो, आणि इथे? प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. मुंबईच्या या खडकांवर प्रवाळ आहे. कोस्टल रोडच्या कामात येणाऱ्या प्रवाळाच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या. तरी माणसं इथे उकिरड्यावर चालावं तशी चालतात. मीही अर्ध्या तासापूर्वी तसाच चाललो असतो.

भाची त्या गृहस्थांवर ओरडली नाही. तिनं दगड दोन्ही हातांनी हळूच पूर्वीसारखा पालथा ठेवला आणि त्यांना बोलावून सांगितलं, "काका, याच्या खालच्या बाजूला स्पंज आहेत, अंडी आहेत. ऊन लागलं की मरतात." ते खाली वाकून बघायला लागले. मला एवढा धीर धरता आला नसता.

थोड्या अंतरावर एक कोळीण मावशी टोच्यानं कालवं फोडत होती. आम्ही पुढच्या डबक्याकडे वळणार तोच तिनं मान वर न करता हाक दिली, "पाणी फिरला गो! निगा आता."

भाचीनं मोबाईलमधलं भरतीचं वेळापत्रक काढलं. पाणी फिरायची वेळ तिथे चार मिनिटांनंतरची होती. मी माझ्या डबक्याकडे बघितलं. एका कोपऱ्यातून बोटभर रुंदीची धार आत शिरत होती आणि चारही शंख तिच्या दिशेनं निघाले होते.