पावणेआठचा टोस्ट

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मी मुलाच्या प्राथमिक शाळेत, इथे पूर्व लंडनमध्ये, टोस्टला लोणी लावायला जाते. पावणेआठला ब्रेकफास्ट क्लबचं दार उघडलं की तिसरीतली एक मुलगी सगळ्यांत आधी आत येते. दप्तर पाठीवरच. पहिला टोस्ट उभ्या उभ्याच संपतो, दुसऱ्याला ती खुर्चीवर टेकते. कौन्सिलने तिच्या घरच्यांना तात्पुरती जागा दिली आहे, तिथून दोन बस बदलून यावं लागतं. एका खोलीत चौघं. गणिताच्या तासाला तिचा डोळा लागतो, असं तिच्या बाई सांगत होत्या. पाच मिनिटं झोपू देतात.

सहावीत ही मुलगी सॅट्सची, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटी होणारी देशपातळीवरची परीक्षा देईल आणि तिचे गुण शाळेच्या निकालात धरले जातील. तसले निकाल बघूनच लोक घरं घेतात. आम्हीही तेच केलं होतं. इथे सरकारी शाळेतला प्रवेश बहुधा घराच्या अंतरावर ठरतो. त्यामुळे नावाजलेल्या शाळेजवळची घरं महाग, तिथे ऐपतवाल्यांचीच मुलं, आणि निकाल पुन्हा उत्तम. ही सगळी शाळेची कर्तबगारी, असं मला आता म्हणवत नाही.

गरिबाघरची मुलं मागेच राहतात असं मात्र नाही. 2003 मध्ये लंडन चॅलेंज, म्हणजे इथल्या शाळा सुधारण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या गरीब मुलांचे निकाल देशातल्या इतर भागांतल्या गरीब मुलांपेक्षा पुढे गेले. श्रेय कुणाचं यावर अजून वाद आहेत. पण पैसा लागतोच.

तो पैसा म्हणजे प्युपिल प्रीमियम. 2011 पासून गरीब घरच्या मुलामागे शाळेला जादा निधी मिळतो. गरीब कोण, हे ठरतं मोफत जेवणाच्या अर्जावरून. 2023 पासून लंडनच्या महापौरांनी सरकारी प्राथमिक शाळांत दुपारचं जेवण सगळ्यांनाच मोफत केलं. आपल्या शालेय पोषण आहारासारखं, सगळ्यांचं ताट एकच. फार चांगलं झालं. पण जेवण मिळतंच आहे म्हटल्यावर अर्ज कोण भरणार? आणि अर्ज नाही तर निधीही हातचा जातो. म्हणून टोस्ट आटोपले की मी आयांना गाठून, मोडक्यातोडक्या हिंदी-बांगलात समजावत, अर्ज भरून घेते.

गेल्या गुरुवारी त्या मुलीच्या आईला बाकावर बसवलं. नाव, जन्मतारीख झाली. पत्त्याच्या रकान्यापाशी ती थांबली.

"कोणता लिहू?" तिने विचारलं. पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा जागा बदलायची आहे.