तुम्ही विचारलंत म्हणून: या दगडाला चुंबक चिकटतो, मग हा अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, का नाही?

चिकटतो, कारण आपण नाशिकचे आहोत. आपल्या पायाखालच्या बेसाल्टमध्ये (लाव्हाच्या काळ्या खडकात) मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे दोऱ्याला टांगलेला चुंबक पांडवलेण्यांच्या डोंगरातल्या साध्या खडकाकडेही झुकतो. बहुतेक दगडी अशनींमध्ये लोह-निकेल धातू असतो म्हणून तेही चुंबकाला ओढतात, हे खरे. पण या जिल्ह्यात तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय जोरदार निओडिमियम चुंबकाने खऱ्या अशनीतली प्राचीन चुंबकीय नोंद पुसली जाते, तेव्हा कृपया तो लांबच ठेवा.

लोकांनी आणलेला दगड अशनी नाही, असा नकार मी फार पटकन देतो, असेही म्हटले जाते. सिन्नर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी फडक्यात बांधलेला दगड घेऊन आले होते. त्यांच्या वडिलांनी तो रात्री शेतात पडताना पाहिला होता आणि पुढे तो देवघरात पूजेला राहिला. वरचे काळे कवच म्हणजे तेल, शेंदूर आणि समईची काजळी होती, म्हणून त्यांच्या परवानगीने मी एक कोपरा ओल्या पॉलिश पेपरवर घासला. करड्या पृष्ठभागावर पांढुरके गोल ठिपके दिसू लागले, तसे गुरुजी खुलले. त्यांनी वाचून ठेवले होते. “हेच ना ते कॉन्ड्रूल, अशनीतले गोल कण?” दहापट भिंगाखाली प्रत्येक ठिपक्यात कडेकडून मध्याकडे निघालेल्या सुया होत्या. असे आरे पायरॉक्सिन या खनिजाच्या कॉन्ड्रूलमध्येही असतात, म्हणून मी तेवढ्यावर थांबलो नाही. पण काही गोलांच्या मधोमध पोकळी होती, म्हणजे ते लाव्हारसातले वायूचे बुडबुडे होते आणि मागाहून झिओलाइट या पांढुरक्या खनिजाने अर्धवट भरले होते. धातूचा चमकणारा कण एकही नव्हता. मी तसे सांगितले. “म्हणजे आमचे वडील खोटं बोलले?” गुरुजींनी विचारले. वडिलांनी उल्का पाहिली असेल, सकाळी उचललेला दगड वेगळा असेल, असे मी म्हणालो. चहा न घेताच त्यांनी फडके बांधले. ‘प्रयोगशाळेत पाठवून बघा’ म्हणून वेळ मारून नेता आली असती, हे मलाही कळते. पण मग तोच नकार त्यांना दुसऱ्या कोणाकडून ऐकावा लागला असता.

राहिला वर्गीकरणाचा प्रश्न. माझ्याकडच्या अशनींच्या तुकड्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या निदानाच्या नाहीत. कॉन्ड्रूल असलेला दगडी अशनी एच गटातला की एल गटातला, हे ऑलिविन या खनिजातल्या लोहावरून ठरते: फायालाइटचे, म्हणजे त्यातल्या लोहयुक्त घटकाचे, प्रमाण एचमध्ये साधारण १६ ते २० टक्के, एलमध्ये २३ ते २६, आणि ते मोजायला इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब हे प्रयोगशाळेतले यंत्र लागते. गटाच्या अक्षरापुढचा आकडा कॉन्ड्रूल किती पुसट झाले यावरून बराचसा कळतो. १९७६ साली गुजरातेत पडलेला धजाळा एच ३.८ आहे, त्यात ते रेखीव आहेत. २०१२ साली नागपूरजवळ पडलेला काटोल एल ६ आहे, त्यात ते आजूबाजूच्या खडकात मिसळून गेले आहेत. पाच आणि सहा यांतला फरक सरावलेल्या डोळ्याला कळतो, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. आता सांगत नाही. यावर तो पूर्वीचा मी विचारतो, डोळ्यावर भरवसा नाही तर गुरुजींना कोणत्या अधिकाराने नाही म्हणालास? माझे उत्तर असे, की नाकारायला एक ठळक विसंगती पुरते, नाव द्यायला मोजमाप लागते. मग तो शेरघाटीचा दाखला काढतो: २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारात पडलेला तो अशनी मंगळावरचा बेसाल्टच आहे, त्यात कॉन्ड्रूल नाहीत, धातूही जवळजवळ नाही, पडताना कोणी पाहिला नसता तर तू त्यालाही परत पाठवले असतेस. पोकळीत वाढलेल्या झिओलाइटच्या सुया त्यात नाहीत, एवढेच मी म्हणू शकतो, आणि त्याचे तेवढ्याने समाधान होत नाही.